हिबर्टसाहेबांचा बुधवार

ब्रिटिश साम्राज्यावरचा सूर्य कधीच मावळला, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. शाळेला पुरती माहिती नव्हती. २००६ साली तो ब्राउनश्वाइगमधल्या एका दुमजली घराच्या परसात कुंपणाची मेंदी कापत उभा असायचा आणि बरोबर चार वाजता त्याला दुधाचा चहा लागायचा. त्याचं नाव नॉर्मन हिबर्ट. त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको सुरुची भाड्याने राहत होतो.

मी, मल्हार, तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत रेल्वे सिग्नलवर पीएच.डी. करत होतो. म्हणजे गाड्या एकमेकींवर का आदळत नाहीत, या प्रश्नावर आयुष्याची चार वर्षं आदळत होतो. मी नाशिकचा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा हिबर्टसाहेबांचा चेहरा उजळला. 'देवळाली,' ते म्हणाले. त्यांचे वडील तिथल्या छावणीत दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत वडील तीन शब्द शिकले आणि तेच मुलाला वारसा म्हणून देऊन गेले: एक 'चाय', दुसरा 'जल्दी', आणि तिसरा मी इथे लिहीत नाही. साहेबांनी तिन्ही शब्द मला मोठ्या प्रेमाने ऐकवले. मीही थँक यू म्हणालो. घर मिळणं कठीण होतं.

अडतीस वर्षं या गृहस्थांनी जर्मनीत काढली होती आणि त्यांना जर्मनचे अकरा शब्द येत होते. सुरुचीने एकदा मोजले. त्यातले आठ खाण्यापिण्याचे होते. बाकी सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे रोझविथा होती, त्यांची जर्मन बायको. बँक, डॉक्टर, टॅक्सचा फॉर्म, खाटकाचं दुकान, सगळीकडे रोझविथा बोलायची आणि साहेब मागे उभे राहून सगळं आपल्याच देखरेखीखाली चाललंय अशी मान हलवायचे. आपण या देशाला रशियनांपासून वाचवलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. देशाने मात्र त्यांना फक्त नगरपालिकेची पत्रं पाठवली, की आपण कचऱ्याची पिवळी पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवली आहे. अशा पत्राला ते लाल सैन्याहून जास्त घाबरत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल लाल असेल तर ते उभे. जर्मन लोक फार नियम पाळतात म्हणतात. आमच्या गल्लीतले जर्मन साहेबांकडे बघून ओशाळायचे.

पण त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट होती, आणि ती म्हणजे गाडी. पश्चिम बर्लिन तेव्हा पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं होतं. तिथे जाण्याचा आपला हक्क शाबूत राहावा म्हणून ब्रिटिश सैन्य रोज एक गाडी सोडायचं, ब्राउनश्वाइग ते बर्लिन आणि परत. गाडी भरो न भरो, ती सुटलीच पाहिजे. एक दिवस खंड पडला तर रशियन म्हणतील, संपला तुमचा हक्क. म्हणून पंचेचाळीस वर्षं ही मंडळी पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि चांदीचे काटेचमचे मांडून, शत्रूच्या मुलखातून सूप पीत गेली. जगातलं सगळ्यात चविष्ट युद्ध असावं ते. दारांना कुलपं, खिडक्या बंद, मधे कुठेही उतरायचं नाही, बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही. फक्त सीमेवर, मारिएनबोर्न स्टेशनात, गाडीचा ऑफिसर दुभाष्याला घेऊन खाली उतरायचा आणि रशियन कॅप्टनला कागद दाखवायचा. कागदांची बॅग धरायला मागे एक कॉर्पोरल असायचा. बुधवारी तो कॉर्पोरल म्हणजे नॉर्मन हिबर्ट.

ही हकिगत मी तीन वर्षांत किमान चाळीस वेळा ऐकली. सांगता सांगता ऑफिसर आणि दुभाष्या हळूहळू आक्रसत गेले असावेत, कारण माझ्यापर्यंत पोचेतो प्लॅटफॉर्मवर फक्त साहेब आणि रशियन कॅप्टन उरले होते आणि दोघांच्या मधे ती बॅग.

रोझविथा ही गोष्ट चालू झाली की स्वयंपाकघरात जायची. तिची गोष्ट वेगळी होती आणि ती तिने फक्त सुरुचीला सांगितली, प्लमचा केक शिकवता शिकवता. रोझविथा सीमेपलीकडची. मारिएनबोर्नच्या पुढे दहा-बारा मिनिटांवर एक लहानसं गाव आहे, तिथे तिची आई रेल्वेच्या फाटकावर कामाला होती. गाडी आली की फाटक पाडायचं, हातात झेंडी घेऊन खोपटाबाहेर उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उचलायचं. अठराव्या वर्षी, १९६० साली, रोझविथा आईला 'दोन दिवसांत येते' म्हणून निघाली आणि पश्चिमेकडे हेल्मश्टेटला मावशीकडे राहिली. पुढच्या वर्षी भिंत उभी राहिली. पळून गेलेल्या मुलीला परत जाणं शक्य नव्हतं. नंतर तिने ब्रिटिश शिपायाशी लग्न केलं, तेव्हा त्याच्या वरिष्ठांनीही तिकडच्या नातेवाइकांशी संबंध नको म्हणून बजावलं. तिकडच्या बायकांना साठी पूर्ण झाली, पेन्शन बसली, की पश्चिमेला भेटीला येता यायचं. आई एकोणसाठाव्या वर्षी गेली. मधल्या एकवीस वर्षांत मायलेकींची गाठ पडली नाही.

पत्रं मात्र मावशीच्या पत्त्यावर यायची. आणि १९७० साली नॉर्मनची नेमणूक गाडीवर झाली, तेव्हा रोझविथाने नवऱ्याकडे आयुष्यातली एकच गोष्ट मागितली. बुधवारी गाडी फाटकावरून जाईल तेव्हा खिडकीत उभा राहा आणि आईला हात कर. तिला तुझा फोटो पाठवलाय. तिला जावई बघू दे.

अकरा वर्षं हे चाललं. फेरी करून नॉर्मन घरी आला की रोझविथा विचारायची आणि तो सांगायचा, दिसली. पुढे पुढे बारीकसारीक तपशीलही सांगायचा. नवा कोट घातला होता, सर्दी झाल्यासारखी वाटली. आईच्या पत्रातही एक ओळ असायची: बुधवारी पाहुण्याचा हात दिसला. ती पत्रं रोझविथाने सुरुचीला दाखवली. सुरुची वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि मी, दगड, कांद्याबद्दल काहीतरी बोललो.

त्यानंतर महिनाभराने, मे महिन्यात, साहेबांनी मला परसात बोलावलं. हातात मेंदीची कात्री होती, पण कापत काही नव्हते. जूनमध्ये गाडीवरच्या जुन्या मंडळींचा मेळावा होता. यंदा वर्ल्ड कप जर्मनीत, म्हणून इंग्लंडहून बावीस जण येणार होते. सगळे मिळून रीजनल गाडीने मागदेबुर्गपर्यंत त्याच मार्गाने जाणार होते. आणि पहिल्यांदाच डेरेक पमफ्री येणार होता, डायनिंग कारचा आचारी.

'अडचण काय आहे?' मी विचारलं.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग सांगितलं. त्यांनी कधीच हात केला नव्हता. एकदाही नाही. पहिल्या बुधवारी ते खिडकीपाशी गेले होते, पण गाडी फाटकाजवळ येऊ लागली तसं त्यांना आठवलं की नेमणुकीच्या फॉर्मवर 'पूर्वेकडील नातेवाईक' या रकान्यात त्यांनी 'नाहीत' असं लिहिलंय. कोणी विचारलं, कोणाला हात करतोयस, तर? गाडी जाणार, बॅग जाणार आणि बीलेफेल्डच्या गोदामात घोंगड्या मोजाव्या लागणार. म्हणून ते संडासात जाऊन बसले. दुसऱ्या बुधवारीही. अकरा वर्षं, मारिएनबोर्न सुटलं की ते घड्याळ बघत आणि आत जाऊन कडी लावत. गाडीत त्याला 'हिबर्टचं बुधवारचं पोट' असं नाव पडलं होतं, आणि डेरेक त्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचा. आता तो रोझविथासमोर बोलला तर?

मी विचारलं, मग सासूबाईंच्या पत्रात हात दिसल्याचं कसं यायचं?

साहेबांचा आवाज हळवा झाला. म्हातारी मुलीला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहायची, असं त्यांचं म्हणणं होतं. 'तीही खोटं बोलायची, मीही बोलायचो. आमचं दोघांचं चांगलं जमायचं.' न भेटलेल्या सासूशी इतका सलोखा मी आजवर पाहिलेला नाही. मग ते म्हणाले, 'रोझीकडे आईचं दुसरं काही नाही रे. तेवढे बुधवार आहेत. ते गेले तर काय उरलं?'

या वाक्याने मी अडकलो. मला नेमून दिलेलं काम असं: प्रवासात डेरेकशेजारी बसायचं आणि बुधवारच्या पोटाचा विषय निघाला की रेल्वे सिग्नलवर बोलायला लागायचं. माझं बोलणं ऐकून कुठलाही विषय मरतो, असं त्यांनी बघितलं होतं. आमचा रेल्वे एक्स्पर्ट, अशी ओळख करून देण्याचंही कबूल केलं, आणि मी तेवढ्यावर फुशारलो.

सुरुचीला हे सगळं सांगितलं. 'म्हणजे अकरा वर्षं तो आत बसला,' ती म्हणाली, 'आणि आता दाराबाहेर राखणीला तुला उभं केलंय.'

'गेनाऊ, अगदी बरोबर,' मी म्हणालो.

'आणि तू तयार झालास. शाब्बास. आजोबा बेचाळीसला तुरुंगात गेले होते ना तुझे?'

मेळाव्याच्या सकाळी पहिली गडबड झाली ती अशी की रोझविथा निघाली. आजवरच्या एकाही मेळाव्याला ती गेली नव्हती. या वेळी तिने आदल्या दिवशीच सँडविच बांधले, निळा कोट घातला आणि 'मीही येते' एवढंच म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सुरुचीकडे बघितलं. आमच्याबरोबर यायला निघालेल्या सुरुचीने खिडकीबाहेर बघितलं.

लाल रंगाच्या साध्या रीजनल गाडीत बावीस म्हातारे ब्लेझर आणि पदकं घालून चढले आणि त्यांनी सीटसमोरच्या छोट्या फळ्यांवर पांढरे टेबलक्लॉथ पसरले. थर्मासातून सूप निघालं. समोर शाळेच्या सहलीतली पोरं च्युइंगम चघळायचं थांबवून बघत बसली. तिकीट तपासायला आलेली मुलगी मागदेबुर्गची, पंचविशीची. भिंत पडली तेव्हा ती दुसरीत असेल. तिने ग्रुप तिकीट बघितलं, पदकं बघितली आणि रोझविथाला विचारलं की हे कुठलं गायकांचं मंडळ आहे का. रोझविथा म्हणाली, हो, जवळपास तसंच. बावीसपैकी कोणालाही ते समजलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी हसून मान डोलावली.

मारिएनबोर्नला गाडी एक मिनिट थांबली. बावीस जण उभे राहिले. बाहेर रशियन कॅप्टनच्या जागी सिगारेटचं मशीन होतं. एक माणूस सायकल घेऊन गाडीत चढला आणि एवढे लोक आपल्यासाठी का उभे राहिले ते न कळून 'मॉर्गेन', म्हणजे गुड मॉर्निंग, म्हणाला. गाडी सुटली.

आणि हिबर्टसाहेबांनी घड्याळ बघितलं. मी ते स्वतः पाहिलं. त्यांनी घड्याळ बघितलं, रुमालाने तोंड पुसलं, उठले आणि डब्याच्या टोकाला जाऊन संडासाचं दार लावून घेतलं. रशियन गेले, पूर्व जर्मनी गेली, तो फॉर्म कुठल्या तळघरात कुजला असेल, बायको समोर बसलेली, आणि या माणसाचे पाय तिकडेच वळले. मला कीव आली आणि संतापही आला. निदान आज तरी खिडकीत उभे राहायचे.

डेरेक पमफ्री माझ्या शेजारी होता. गुलाबी, गोल, खुशालचेंडू माणूस. त्याने खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आता बघा, माझी बाई यायची वेळ झाली.

मला धोका कळला. मी घाईघाईने म्हणालो की या मार्गावरची बहुतेक फाटकं नव्वदच्या दशकात ऑटोमॅटिक झाली, आणि त्यातल्या यंत्रणेचं वैशिष्ट्य म्हणजे... डेरेकने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि बोलत राहिला. विषय मारण्याची माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

तो सांगत होता, की गाडीत एकच खिडकी थोडी उघडायची परवानगी होती, स्वयंपाकघराची, वाफ जायला. बुधवारी मटणाचा रस्सा असायचा, त्याला सारखं ढवळत बसावं लागत नाही, म्हणून तो तिथे उभा राहून हवा खायचा. आणि एका फाटकावर एक बाई असायची. बाकीच्या दिवशी झेंडी छातीशी धरून उभी, खांबासारखी. पण बुधवारी ती झेंडी जराशी वर जायची. फार नाही, कोणाच्या नजरेत येईल इतकी नाही. डेरेकला वाटलं, पोरगी पटली. त्याने भांडी पुसायचं फडकं हलवलं. पुढच्या बुधवारी पुन्हा. सत्तर सालापासून अकरा वर्षं त्याने एकही बुधवार चुकवला नाही. सुट्टीवर जायचा तेव्हा बदली आचाऱ्याला सांगून जायचा, की त्या फाटकावर फडकं हलवायचं, बाईमाणसाला ताटकळत ठेवू नये.

'आणि नॉर्मन?' कोणीतरी विचारलं. 'तो नाही बघायचा?'

'नॉर्मन,' डेरेक म्हणाला, 'त्या वेळी नॉर्मनचं पोट...' त्याने डब्याच्या टोकाकडे हात केला. संडासाच्या दारावर लाल दिवा लागला होता. म्हातारे इतके हसले की सूप सांडलं.

तेवढ्यात ते फाटक आलं आणि गेलंही. फळ्या ठोकलेलं एक खोपट, पट्ट्यापट्ट्यांची आडवी दांडी, पलीकडे थांबलेली एक मोटार. बस.

मी रोझविथाकडे बघायचं टाळत होतो. एकच काम अंगावर घेतलं होतं, आणि तेही आपल्याच्याने झालं नाही, याची मला लाज वाटत होती. आता ती रडेल, उठून जाईल, साहेब बाहेर आल्यावर त्यांच्या थोबाडीत देईल, असं काहीतरी मला वाटत होतं. ती उठली, पण माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, 'मल्हार, जरा तिकडे बस.'

ती डेरेकशेजारी बसली. हसणं एकेक करून थांबलं.

'ती माझी आई होती,' ती इंग्रजीत म्हणाली. 'मी अठरा वर्षांची असताना घर सोडलं. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.'

डेरेकच्या हातात कप होता. तो खाली कुठे ठेवावा ते त्याला समजेना. तो माफी मागायला लागला, पोरगी वगैरे म्हणालो, मला काय माहीत, असं पुटपुटला. रोझविथाने मान हलवून ते सगळं बाजूला सारलं.

दिवा हिरवा झाला. हिबर्टसाहेब बाहेर आले, दोन पावलं चालले आणि सगळ्यांचे चेहरे बघून सीटच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांना काय झालं असेल ते लगेच कळलं. 'रोझी,' ते म्हणाले, 'मी तुला सांगणारच होतो. तुला त्रास नको म्हणून.'

'मला ठाऊक आहे, नॉर्मन,' ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. 'पंचवीस वर्षं ठाऊक आहे. आई रविवारी गेली. मावशीचं पत्र मला शुक्रवारी मिळालं. मधल्या बुधवारच्या फेरीवरून तू आलास आणि म्हणालास, दिसली, तब्येत छान वाटली.'

साहेबांनी सीटची पाठ दुसऱ्या हातानेही धरली.

'त्या दिवसापासून मी समजत होते, की आईही खोटंच लिहायची,' रोझविथा म्हणाली. 'अकरा वर्षं फाटकावर उभी राहिली, कोणी बघितलं नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून हात दिसला असं लिहिलं. पंचवीस वर्षं मी हे धरून बसलेय. ती खोटं लिहीत नव्हती. तिने हात बघितला होता.'

सुरुची माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. तीन वर्षं मी या बाईला नवऱ्याची दुभाषी समजत आलो होतो, आणि जे खोटं तिच्यापासून लपवायला मी निघालो होतो, ते ती माझ्या जन्माच्या दोन वर्षं नंतरपासून एकटी सांभाळत होती.

साहेब एक पाऊल पुढे आले. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, की कोट तरी खरा होता, नवा कोट, तो त्यांनी लांबून एकदा...

'तू गप्प बस,' रोझविथा म्हणाली. 'तू काही पाहिलेलं नाहीस.' मग ती डेरेककडे वळली. 'तुम्ही सांगा. कशी दिसायची?'

डेरेकने कप शेवटी जमिनीवर ठेवला. त्याने डोळे बारीक केले, आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस खरंच आठवतोय. सुरुवातीला केस तपकिरी होते, तो म्हणाला. अंबाडा घालायच्या. शहात्तरच्या सुमाराला एका हिवाळ्यात एकदम पांढरे झाले. डावा पाय जरा ओढायच्या. दोनएक वर्षांनी चष्मा लागला. उजव्या हाताने झेंडी धरायच्या, डावा हात खिशात. नाही, थांबा, पावसात डावा हात कपाळावर धरायच्या, नीट दिसावं म्हणून.

'आणि शेवटी?'

शेवटच्या उन्हाळ्यात खोपटाबाहेर एक स्टूल ठेवलेलं असायचं. त्यावर बसलेल्या असायच्या. पण गाडी दिसली की उठायच्या. भिंतीला धरून उठायच्या, पण उठायच्या.

'हसायच्या का?'

'बुधवारी,' डेरेक म्हणाला.

रोझविथा अजून विचारत होती. कोट कुठल्या रंगाचा, डोक्याला रुमाल असायचा का, खोपटाबाहेर फुलं लावली होती का. डेरेक एकेक आठवून सांगत होता आणि जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हणत होता. तिकडे दाराशी, सीटची पाठ धरून, हिबर्टसाहेब मागदेबुर्ग येईपर्यंत उभे होते. आपली सासू कशी दिसायची, हे तेही पहिल्यांदाच ऐकत होते.